तीन झाऱ्या आणि तांब्याभर पाणी

नाबूल,
सोमवार, २८ एप्रिल

प्रिय बेया,

तुला तुझ्या थोरल्या बहिणीचे सलाम, आशीर्वाद आणि थोडासा राग. राग पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे तुला तो पत्रभर शोधत बसायला नको. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या नवऱ्याचा दमा? बिझर्टची ती दमट हवा त्याला मानवणार नाही, हे मी तुमच्या लग्नातच सांगितलं होतं, पण तेव्हा ढोल वाजत होते. अल्ला तुम्हा दोघांना उदंड आयुष्य देवो आणि तुला फोन उचलायची बुद्धी देवो. ईदला मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या सुनेनं उचलला आणि सांगितलं की आई नमाजाला बसल्यात. सकाळी अकरा वाजता कुठली नमाज गं? बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. थाप मारणारं मूल मला फोनवरूनही ओळखू येतं. म्हणून हे पत्र. फाडायचं असलं तरी ते आधी उघडावं लागतं, आणि उघडलंस की तू वाचणारच, लहानपणापासूनची चोंबडी तू.

बिझर्टहून नाबूल अडीच तासांवर आहे. गेल्या अकरा वर्षांत तुला ते अडीच तास सापडले नाहीत. का, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. आईचं कत्तार (फुलांचा अर्क काढायचं तांब्याचं भांडं, तुला सांगायला नको, पण तुझी सून हे पत्र चोरून वाचेल, तिच्यासाठी लिहिते) अजून माझ्याकडेच आहे आणि यंदाही त्यातून नारिंगाच्या फुलांचं पाणी फार सुरेख उतरलं. पण तो विषय आज नाही. आजची बातमी वेगळी आहे. मी कॅनडाला जातेय.

हो, मीच. जिनं आजवर ट्युनिसच्या पुढे पाऊल टाकलं नाही ती. आपल्या स्कंदरच्या बायकोला, ओल्फाला, जूनच्या मध्यावर बाळ होणार आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, बेया. नऊ वर्षं मी त्या दोघांना एक शब्द विचारला नाही (तू म्हणशील, तू? आणि गप्प? हो, गप्प. मला किती त्रास झाला ते माझं मला माहीत). ओल्फाची आई देवाघरी गेली, बहीण नाही. तिथल्या थंडीत त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला कोण आहे? म्हणून मी बाळ वर्षाचं होईपर्यंत राहणार. तिकीट अठरा मेचं आहे. सगळे कागद झालेत, फक्त एक दाखला अडलाय, की ही बाई धडधाकट आहे. तो मिळाला की व्हिसा, व्हिसा मिळाला की विमान. नाही मिळाला तर माझं नातवंड मी फोनच्या काचेत बघायचं, लोक माशांच्या टाकीत मासे बघतात तसं. आता तो दाखला का अडला, ते सविस्तर ऐक. मधे चहाला उठू नकोस.

स्कंदर म्हणाला, "आई, कॅनडावाल्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे ट्युनिसला जायचं, तपासून घ्यायचं, बस्स." बस्स म्हणे! ज्या बाईनं बत्तीस वर्षं रोज सकाळी चाळीस पोरांची नखं, कान आणि रुमाल तपासले, तिला आता कोणीतरी तपासणार. मी मनाशी म्हटलं, तपासा, काय सापडतंय तेच बघू. घरी पाहुणा यायचा असला की आपण काय करतो? घर घासतो, गाद्या उन्हात टाकतो, कोपऱ्यातली जळमटं काढतो. मग अख्खा कॅनडा देश माझ्यात डोकावणार असेल तर मी तशीच जाऊन बसू? आठवडाभर आधीपासून मी स्वतःला आवरायला घेतलं.

पहिल्या दिवशी हमाम. तिथली ती अंग घासणारी बाई आठवते ना, हात म्हणजे नुसता लाकडी फळा? तिला म्हटलं, नेहमीसारखं नको, परदेशासारखं घास. तिनं ते फारच मनावर घेतलं. बाहेर आले तेव्हा मी सोललेल्या बिटासारखी दिसत होते आणि ओढणीचा स्पर्शही सहन होत नव्हता. दुसऱ्या दिवशी हिजामा, म्हणजे पाठीवर कप लावून वाईट रक्त काढून घेणं. शिळं रक्त घेऊन परक्या देशात जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. पाठीवर आठ कप लागले, आठ गोल काळेनिळे डाग उठले, एका ओळीत चार आणि खाली चार. तिसऱ्या दिवसापासून रोज अनशापोटी मध, ऑलिव्हचं तेल आणि काळं जिरं. रात्री मेथ्यांचं पाणी, कारण मेथ्यांनी रक्त पातळ होतं (फक्त घामाला मेथीचा वास सुटतो; मांजर माझ्याकडे बघायची आणि उठून जायची). आणि आदल्या दिवशी मेंदी, दोन्ही हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत. पहिल्या नातवंडाकडे निघालेली बाई कोरड्या हातांनी गेली असं कोणी म्हणायला नको. मेंदी इतकी रंगली की नखं पार काळीभोर झाली.

आता मुख्य चूक. तिला मी चूक म्हणत नाही, पण डॉक्टरनं म्हटलं, म्हणून लिहिते. दवाखान्यातल्या मुलीनं फोनवर बजावलं होतं की सकाळी आठला यायचं, उपास धरून. मला उपास शिकवते! रमजान संपून तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते, अंगवळणीच पडला होता. पहाटे साडेतीनला गजर लावून उठले आणि रोज्याआधीची सहेरी रीतसर केली. भाजक्या पिठाची बसीसा, वर मध, वर तेल, सात खजूर (पाच घेणार होते, पण प्रवास होता), दोन अंडी आणि आदल्या रात्रीचा, खजूर भरून मधात बुडवलेला मक्रूद, कारण तो टाकून द्यायचा का? मग बांग झाली, आणि तिथून पुढे बेया, पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही. थुंकीसुद्धा जपून गिळली. शेअर टॅक्सीत शेजारच्या बाईनं शेंगदाणे पुढे केले, तर मी तिला उपासावर असं काही ऐकवलं की बिचारीनं पुडी बांधून पर्समध्ये ठेवली. त्या टॅक्सीवाल्याशी खिडकीवरून, रेडिओवरून आणि त्याच्या वेगावरून माझी जी जुंपली ती ट्युनिसच्या वेशीवरच्या हम्मामलीफपर्यंत. उतरताना तो म्हणाला, "मावशी, कॅनडाला लवकर जा." चांगला मुलगा होता, फक्त गाडी वाईट चालवत होता.

डॉक्टर म्हणजे एक तरणी पोर, केस आखूड, नखं स्वच्छ (मी आधी तेच बघितलं). तिनं माझ्या बोटाला एक चिमटा लावला. त्यातून म्हणे अंगातला प्राणवायू कळतो. यंत्र गप्प. दुसऱ्या बोटाला लावला, गप्प. दहाही बोटं झाली. यंत्राच्या मते मी वारले होते. तिनं माझी काळी नखं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी तो चिमटा माझ्या कानाच्या पाळीला लावला. तिथे कुठे मी जिवंत निघाले. मग तिनं छातीचे ठोके ऐकायला पाठीवरचा सदरा वर केला आणि लगेच खाली सोडला. दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मावशी, घरी कोणी त्रास देतं का? घाबरू नका, मला सांगा." मी म्हटलं, अगं, माझ्या घरी मी एकटी राहते, मला त्रास देणारी एकच, ती बिझर्टला असते आणि फोन उचलत नाही. तुझ्याविषयी तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही.

रक्तदाब मोजला तर अठरा, म्हणजे एकशे ऐंशी. साखर मोजली तर तिनं ती पट्टी उजेडात धरून दोनदा वाचली. विचारते, "उपाशी आलात ना?" मी म्हटलं, पहाटेपासून थेंब नाही घेतला. "आणि पहाटे?" तर मी सगळं सांगितलं, मक्रूदसकट, खोटं कशाला बोलायचं! ती पोर टेबलावर डोकं टेकून किती वेळ हसत होती, मी घड्याळ लावून बघायला हवं होतं. मग डोळे पुसून म्हणाली, "मावशी, असा दाखला मी देऊ शकत नाही. सहा मेला परत या. आणि माझ्यावर एक उपकार करा, येण्याआधी काहीही तयारी करू नका. घासू नका, रंगवू नका, काही काढून घेऊ नका, काही पिऊ नका. जशा आहात तशा या." जशा आहात तशा! आपल्या आईनं हे ऐकलं असतं तर तिनं त्या पोरीच्या आईला बोलावून घेतलं असतं.

बाहेर आले आणि पायरीवर बसले. खरं सांगू? मेथ्यांचं काही वाटलं नाही, हसली त्याचंही नाही. पण तो अठराचा आकडा मी पायरीवर बोटानं दोनदा गिरवला. आई गेली तेव्हा तिचाही अठराच होता. स्कंदरला मी सांगितलं की डॉक्टरीणबाई माझ्यावर इतकी खूश झाली की तिनं मला परत बोलावलंय.

पण घाबरून बसणाऱ्यातली मी नाही. तपासणी एकीकडे, बाकी तयारी दुसरीकडे. डांग्या खोकल्याची लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही, असं ओल्फानं लिहून पाठवलं होतं (फार गोड शब्दांत, तीन ओळी माफी मागून, पोर सालस आहे). मी गेले आपल्या आरोग्य केंद्रात. तिथली नर्स कोण, तर रीम, माझ्या चौथीच्या वर्गातली, मागच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाणारी. मी आधी म्हटलं, रीम, हात पुढे कर. तिनं सुई खाली ठेवली आणि रांगेतल्या वीस माणसांदेखत दोन्ही हात पुढे केले, तळवे खाली, मग वर, तीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं तसे. डाव्या अंगठ्याचं नख वाढलेलं. मी पिशवीतून माझा हिरवा साबण काढून दिला आणि ती मुकाट्यानं जाऊन धुऊन आली. मग माझ्यामागचा एक गृहस्थ म्हणाला की बाई, आमचेही बघता का? मी बघितले. त्या दिवशी रांगेतल्या अकरा जणांना मी नळावर पाठवलं. लस घेताना मला काही कळलंसुद्धा नाही. मला सुयांची भीती वाटत नाही. मला वाढलेल्या नखांची वाटते.

आता नाजूक विषय. तिथे शौचालयात पाणी नसतं. कागद असतो. स्कंदर पंधरा वर्षं तिथे राहून मला आता हे सांगतो! मी त्याला विचारलं, मग तू इतकी वर्षं काय... तर फोन कट झाला, म्हणे नेटवर्क गेलं. मी बाजारात जाऊन तीन झाऱ्या घेतल्या, लांब नळीच्या. निळी घरासाठी, हिरवी बाहेर जायला, पिवळी अडीअडचणीला. पण प्रश्न विमानाचा. त्यातली मोरी म्हणे उभ्या कपाटाएवढी असते आणि वर विमान हलतं. अशा जागी झारी चालवायची तर सराव हवा. आपल्या जिन्याखालचं कपाट तुला आठवतं, जिथे आई सुक्या मिरच्या ठेवायची? ते रिकामं केलं, आत स्टूल ठेवलं आणि हिरवी झारी भरून आत गेले. दार ओढलं. कोपर कुठे जातं, गुडघा कुठे, सगळं नीट समजून घेतलं. अंगाला हेलकावेही देऊन बघितले. तिसऱ्या हेलकाव्याला बाहेरची कडी पडली.

अर्धा तास, बेया. अंधार, मिरच्यांचा जुना खकाणा आणि शिंका. शेवटी शेजारची मन्नूबिया (तीच, जिला आपण खिडकीबाई म्हणायचो, अजून खिडकीतच असते) माझ्या शिंका ऐकून अंगणातून आत आली आणि कडी काढली. समोर मी, स्टुलावर, मांडीवर झारी, डोळ्यांतून पाणी. तिनं काही विचारलं नाही, तेच वाईट झालं. विचारलं असतं तर मी काहीतरी सांगितलं असतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की शाद्लियाबाई कॅनडाला जायच्या दुःखानं कपाटात बसून रडतात. आता रोज कोणी ना कोणी शिरा घेऊन येतं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवतं. हमाममुळे पाठ अजून दुखते.

ब्लीचवरून स्कंदरशी वाजलं. मी पाच लिटरचा कॅन घेणार होते. ज्या घरातली मोरी मी स्वतःच्या हातानं ब्लीचनं धुतली नाही, तिथे माझं नातवंड आंघोळ करणार? तो म्हणतो, विमानात नेऊ देत नाहीत. मग नारिंगाच्या फुलांचं पाणी? तर म्हणे हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरच्या वर नाही. म्हणून मी यंदाचं सगळं पाणी चाळीस चिमुकल्या बाटल्यांत भरलं. त्यातल्या बऱ्याचशा रीमनं आणून दिल्या, खोकल्याच्या औषधाच्या, उकळून घेतल्यात. आता तो म्हणतो, शंभरच्या चाळीस झाल्या तरी नाही. मग कसला नियम तो! शेवटी मोठ्या पेटीत कपड्यांत गुंडाळून ठेवल्यात. बाळंतिणीसाठी तिळाची झरीर करायला तीळ, मध, पिस्ते घेतलेत. बाळाच्या पोटदुखीला जिरेनियमचं पाणी घेतलंय. दारातलं जिरेनियम यंदा असं फोफावलंय की त्याची फांदी मन्नूबियाच्या खिडकीपर्यंत गेली. त्याचं कारण मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही.

तर एकूण प्रकृती उत्तम, तयारी पुरी, मन घट्ट. काळजीचं कारण नाही. तू काळजी करतेस असं नाही, पण करत असशील तर करू नकोस. सगळ्यांना सलाम सांग. तुझ्या सुनेला सांग की चोरून वाचताना पानावर कॉफीचे डाग पाडू नकोस.

तुझी, अजूनही तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी,
शाद्लिया

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहूनच गेलं. तुझी साखर आणि रक्तदाब पोरीबाळींसारखे आहेत असं मला तुझ्या सुनेनं ईदच्या दिवशी सांगितलं (नमाजाच्या थापेनंतर काहीतरी खरं बोलावं म्हणून असेल). आणि आपण दोघी सारख्या दिसतो असं अख्खं नाबूल म्हणायचं. तेव्हा माझा विचार असा की सहा मेला तू माझं ओळखपत्र आणि माझी तपकिरी ओढणी घेऊन त्या डॉक्टरकडे जायचं आणि माझ्या नावानं बोट पुढे करायचं. दहा मिनिटांचं काम. पाठीवर डाग दिसले नाहीत तर म्हण की बरे झाले. आणि नखांना थोडी मेंदी लाव, नाहीतर ओळखेल.

ता. क. दुसरा. वरचा विचार रद्द. आज सकाळी औषधांच्या दुकानात मोजून घेतलं. पहाटे काही न खाता गेले होते, मेथ्या बंद, मक्रूद बंद, चार दिवस कोणाशी भांडणही नाही (मन्नूबिया सोडून). साखर ठीक आहे. रक्तदाब चौदा. दुकानदार म्हणाला, तुमच्या वयाला छान आहे. मी म्हटलं, माझं वय तुला कोणी विचारलं? लगेच पंधरा झाला. तरी दाखला मिळेल. शिवाय तू उंच आहेस, आणि तुझा चेहरा इतका रागीट की डॉक्टरनं तुला आधी गोळीच दिली असती. तेव्हा रक्त द्यायला येऊ नकोस.

ता. क. तिसरा. रक्त द्यायला नको, पण ये.

सगळी यादी पुन्हा तपासली. लस, साबण, झाऱ्या, बाटल्या, तीळ, मध. दाखला सहा मेला मिळेल, बाकी सगळ्यावर खूण झाली, एकच राहिलं. अठरा तारखेला मी उंबरा ओलांडीन तेव्हा माझ्या मागे पाणी कोण टाकणार? माणूस सुखरूप परत यावं म्हणून ते टाकायचं असतं, आणि ते घरातल्या माणसानंच. घरात आता कोणी नाही, बेया. स्कंदरच्या वेळी मी टाकलं होतं. त्याच्या वडिलांच्या वेळी टाकायचा प्रश्नच नव्हता. मन्नूबिया म्हणते, मी टाकते, पण ती चहाच्या पेल्यानं टाकेल, कंजूस आहे, मी अर्ध्या वाटेवरच अडकून पडायची. मी अडुसष्ट वर्षांची आहे. आईला अठरा होता. मला भीती वाटते. हे मी स्कंदरला सांगितलेलं नाही, डॉक्टरला नाही, तुलाच सांगतेय.

आणि तेही लिहूनच टाकते. त्या वर्षी तू कत्तार मागितलंस, मी म्हटलं की बिझर्टमध्ये फुलं कुठली, माशांचा अर्क काढणार का, आणि तू पिशवी उचलून निघालीस. मी तुझ्यामागे दारापर्यंत आले होते. हातात भरलेला तांब्या होता. तू वळून बघितलं नाहीस म्हणून मला राग आला, आणि ते पाणी मी रस्त्यावर न टाकता जिरेनियमच्या कुंडीत ओतलं. म्हणून ते एवढं वाढलं आणि तू आली नाहीस. दोष पाण्याचा नाही, माझा आहे. कत्तार घासून, पुसून, पोत्यात बांधून दाराशी ठेवलंय. जाताना घेऊन जा. पुढच्या हंगामात फुलं मी पाठवत जाईन. माशांविषयी बोलले ते मागे घेते.

ता. क. शेवटचा. हे पत्र टाकायला निघाले तेव्हा आधी विहिरीतून तांब्या भरून घेतला, उंबऱ्यावर उभी राहिले आणि तू त्या दिवशी ज्या बाजूनं गेलीस त्या बाजूला सगळं पाणी टाकलं. तुझ्या नावानं. अकरा वर्षं उशीर झालाय, तरी लागू पडतं का बघू. मन्नूबिया तेवढ्यात शिऱ्याची ताटली घेऊन येत होती, ती घसरता घसरता वाचली आणि आता गल्लीभर सांगतेय की मी कोणीच निघालं नसताना पाणी टाकते. सांगू दे. अठराच्या आधी ये, दार उघडंच असतं.